टर्की ओट्यावर नको, फ्रिजमध्येच वितळवा

टर्की (कोंबडीसारखाच, पण मोठा पक्षी) ओव्हनमध्ये भाजायची असेल तर आदल्या रात्री गोठलेली टर्की ओट्यावर काढून ठेवा, असं काहीजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. सोलापुरात डिसेंबरातही दुपारी पारा तिशीला टेकतो. बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं तरी आत बर्फ तसाच असतो. परातीत ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवा. दोन किलोला साधारण एक दिवस, म्हणजे चार किलोच्या टर्कीला 2 दिवस. उशीर झालाच तर पिशवी न उघडता गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला, आणि वितळली की लगेच शिजवा.

टर्की विकत घेण्याआधी ओव्हनचं आतलं माप घ्याच. घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) मोठा पक्षी बसत नाही. माणशी अर्धा किलो पुरतं. पाकिटावर मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर मीठ बेतानं घाला. पोटातली काळीज-पेट्याची पिशवी आठवणीनं काढा.

आमच्याकडे लोण्यात लसूण आणि आपला काळा मसाला कालवून कातडीखाली चोळतात, फार सुरेख लागतं. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा. 74 अंश सेल्सिअस दिसले की झाली. मग 20-30 मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर कापताना सगळा रस ताटात उतरतो.