मदत हवी आहे: मुलांची लेखकांना पत्रं

सोलापुरात पूर्व भागातल्या चौथी ते सहावीच्या १४ मुलांकडून आवडत्या जादुई गोष्टींच्या लेखकांना पत्रं लिहून घेतोय. ‘पुस्तक खूप आवडलं’ याच्यापुढे गाडी जात नव्हती. मग एक प्रसंग, एक पात्र, एक खरा प्रश्न एवढंच ठरवून दिलं. लगेच फरक पडला. एकीने विचारलंय, ‘ड्रॅगन भुईकोट किल्ल्याच्या खंदकात राहिला असता तर मगरींशी त्याचं जमलं असतं का?’ अशी ओळ लेखक नक्की वाचणार!

पत्ता प्रकाशकाचा, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरून घेतोय. अंतर्देशीय पत्रात चित्र घालता येत नाही, म्हणून पाकीट. ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅम, ड्रॉइंगचा जाड कागद त्याच्या दुप्पट, शिवाय उत्तरासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट. टपालदराच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यावर सहज जातं, म्हणजे तिकीट जास्त लागतं. तिकीट कमी लावलं तर पत्र बैरंग होतं आणि दंड घेणाऱ्याच्या माथी. त्यामुळे वजन करूनच तिकीट लावणार.

अडलंय ते असं. अनुवादित पुस्तकाचं पत्र मूळ लेखकाला पाठवावं की मराठी अनुवादकाला? परदेशात आपलं तिकीट चालत नाही, मग उत्तराची सोय कशी करता? आणि घरी तेलुगू बोलणाऱ्या तिघांना तेलुगूतच मोकळेपणाने सुचतं. त्यांचं पत्र तसंच ठेवून सोबत मराठी भाषांतर जोडावं का? शुद्धलेखन मी तरी दुरुस्त करणार नाहीये, फक्त नाव-पत्ता तपासणार. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.