उरलेल्या गोळ्यांवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

बी-२०३: कोणाकडे जुलाबावरची अँटिबायोटिक गोळी आहे का? ह्यांना सकाळपासून लूज मोशन, आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणतोय

ए-५०१: वहिनी आमच्याकडे चार उरल्यात, वॉचमनसोबत पाठवतो

सी-४०२: काका थांबा!! ताप नाही, रक्त नाही ना? मग आधी ओआरएस द्या, पेज द्या. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात, आणि ती गोळी काही एकाच जंतूला मारत नाही, पोटातले चांगलेही मरतात आणि ज्यांच्याकडे रेझिस्टन्सचा, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा जीन असतो ते मोकळ्या जागेत पसरतात

ए-५०१: पोट त्यांचं, बाकीच्यांना काय त्याचं 😄

सी-४०२: तेच तर सांगतेय. तो जीन बरेचदा प्लास्मिड म्हणून डीएनएचं सुटं कडं असतं त्यावर असतो, एक बॅक्टेरिया शेजारच्याला चिकटून त्याची कॉपी देतो, प्रजाती वेगळी असली तरी. १९५९ मध्ये जपानमध्ये हे दाखवलं, हगवणीच्या शिगेलाकडून आतड्यातल्या साध्या ई कोलाय जंतूला एकदम तीनचार औषधांचा रेझिस्टन्स गेला

बी-२०३: म्हणजे आपल्या ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगसारखं, न मागता फॉरवर्ड 🙈

सी-४०२: हो, आणि डिलीटही होत नाही लवकर. २०१७ चा डच प्रवाशांचा अभ्यास आहे, जाण्याआधी आणि आल्यावर शौचाचे नमुने तपासले. दक्षिण आशियात येऊन गेलेल्यांपैकी साधारण ७५ टक्के लोक ईएसबीएलवाले, म्हणजे पेनिसिलिनसारखी बरीच अँटिबायोटिक्स तोडणारं एन्झाइम बनवणारे जंतू पोटात घेऊन घरी गेले, प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त. निम्म्यांचे महिन्याभरात गेले पण ११ टक्क्यांकडे वर्षानंतरही होते, आणि घरातल्या दुसऱ्याला लागण्याची शक्यता १२ टक्के

ए-५०१: हे गोरे आपल्यालाच बदनाम करणार, त्या एनडीएम नावाच्या रेझिस्टन्सच्या जीनला नवी दिल्लीचं नाव चिकटवलंच की

सी-४०२: नावाचा राग मलाही आहे काका, पण २०११ मध्ये दिल्लीत नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तो जीन सापडला, ते कसं नाकारणार. आजारी पडून कार्बापेनेमसारखी तगडी अँटिबायोटिक्स लागली आणि त्या जीनमुळे तीही चालली नाहीत की कळतं मग

सेक्रेटरी: टाकी सफाई गुरुवारी आहे, दुपारी पाणी नाही. मेंटेनन्स बाकी असलेल्यांनी कृपया

बी-२०३: ओआरएस दिलं, आता खिचडी मागतायत. ताई, डॉक्टरकडे कधी न्यायचं?

सी-४०२: रक्त दिसलं, ताप चढला, लघवी कमी झाली तर लगेच. आणि काका, त्या चार गोळ्या वॉचमनला पण देऊ नका 🙏