माळ्यावर सापडलेली प्युजो: पीएक्स-१० असेल का?

प्रश्न (म्हापसा): काकांच्या घराच्या माळ्यावर प्युजो या फ्रेंच कंपनीची पांढरी सायकल सापडली असून नळीवर 'रेनॉल्ड्स ५३१' या पोलादी नळ्यांचा अर्धवट निघालेला स्टिकर आहे. पेडलच्या मधल्या आसाचा उजवा कप (आसाचे बेअरिंग धरणारी आटेदार वाटी) मेकॅनिकने घड्याळाच्या दिशेने जोर लावूनही हलला नाही. ही प्युजोची शर्यतीची सायकल पीएक्स-१० असेल का?

उत्तर (मडगाव): कृपया आधी जोर लावणे थांबवा. इंग्लिश सायकलींत उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो, परंतु जुन्या फ्रेंच सायकलींत दोन्ही बाजूंचे आटे उजवेच, म्हणजे घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे (व्यास ३५ मिमी, दोन आट्यांमधले अंतर १ मिमी) असल्याने तुमचा मेकॅनिक बहुधा तो कप आणखी घट्टच करीत होता. गंज उतरवणारे तेल रात्रभर मुरू द्या आणि मग उलट दिशेने फिरवून पाहा.

उत्तर (पणजी): केवळ स्टिकरवरून ठरवू नये, नेर्वेक्सचे नळ्यांचे नक्षीदार जोड, स्ट्राँगलाइटचे क्रँक, माफाकचे ब्रेक आणि सिंप्लेक्सचा गिअर एकत्र आढळले, तर शक्यता बळावते. सिंप्लेक्सचे प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात, म्हणून ते हलक्या हाताने हाताळावेत. अशा फ्रेंच सायकलींत हँडलचा चौकटीत शिरणारा दांडा २२ मिमीचा असतो, त्याच्या जागी बाजारातला २२.२ मिमीचा ठोकून बसवू नये. आणि मूळ रंग, पापुद्रे सुटले असले तरी, खरवडू नका.

प्रश्नकर्ता: कप उलट दिशेने फिरवताच सुटला! आत वाळलेले ग्रीस डिंकासारखे झाले होते.