मूलपेशी: मुलाची की मुळाची?

गंगाकाठ: नाशिकच्या नेत्रशिबिरासाठी माहितीपत्रक करतेय. ‘मूलपेशींपासून (म्हणजे ज्यांतून शरीरातल्या इतर पेशी घडतात त्या, stem cells) दृष्टिपटलाच्या (डोळ्यामागच्या पडद्याच्या) पेशी वाढवून रोपण’ असं लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्यांचा प्रश्न: कोणाच्या मुलाच्या पेशी?

दुसरी_ओळ: मूळपेशी लिहा. ‘स्कंधपेशी’ नकोच, लोकांना खांदा आठवेल.

पंचवटी: मूलद्रव्य वाचताना कोणाला पोर आठवतं? मूलपेशीच ठेवा.

लांबभिंग: त्याहून चुकलंय ते ‘वाढवून’. वाढवणं ही मधली एक पायरी. जपानमध्ये कोबेत 2014 साली रुग्ण बाईंच्या त्वचेच्या पेशी आधी मूळपदावर आणल्या, म्हणजे पुन्हा कोणतंही रूप घेऊ शकतील अशा केल्या (जपानी शास्त्रज्ञ यामानाकांची पद्धत), मग त्यांतून पडद्यामागच्या रंजक (रंगद्रव्याच्या) थराच्या पेशी घडवल्या. ताटलीत तपकिरी ठिपके दिसले की तेवढेच उचलून वेगळे वाढवतात. न घडलेल्या पेशी सोबत आल्या तर गाठीची भीती. शेवटी बिघडलेल्या रक्तवाहिन्यांची जाळी काढून 1.3 बाय 3 मिलिमीटरची, एका पेशीच्या जाडीची चकती पडद्याखाली सरकवली. तेव्हा ‘घडवून’ लिहा. आणि रंजक थर प्रकाश टिपत नाही, टिपणाऱ्या पेशींना पोसतो. वर्षभरानंतर त्या बाईंची नजर सुधारली नव्हती, होती तिथे टिकली होती. पत्रकात हे यायलाच हवं.

दुसरी_ओळ: बघा, तुम्हीही ‘मूळपदावर’च म्हणालात!

खुंटकलम: रोपण कशाला? ‘कलम’ म्हणा, दिंडोरी-निफाडात लगेच कळेल. आपल्याकडे डोळाच भरतात की.

पंचवटी: डोळा भरतात, म्हणजे खुंटात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवतात, ते गुलाबाला, मोसंबीला. द्राक्षाला डॉगरीज जातीच्या खुंटावर पाचर कलम.

लांबभिंग: कलमात खुंट एकाचा, काडी दुसऱ्याची. 2014 च्या पेशी त्या बाईंच्या स्वतःच्याच होत्या. 2017 साली तिथेच दात्याच्या पेशी वापरल्या, तिथे फार तर कलम शोभेल. दिशेचं मात्र जुळतं: काडी उलटी लावून चालत नाही, तशी चकतीची वरची बाजू प्रकाशपेशींकडेच हवी. सुट्या पेशी सुईनं सोडल्या तर दिशा हातात राहत नाही, शिवाय भोकातून मागे झिरपल्या तर पडद्यावर पापुद्रा धरतो आणि पडदा आक्रसतो.

गंगाकाठ: मग ‘पडदा’ लिहू की ‘दृष्टिपटल’?

पंचवटी: दृष्टिपटल. सुश्रुतानं डोळ्याची सहा पटलं सांगितलीत. त्याच पटलाचं आपलं पडळ.

दुसरी_ओळ: तेच तर नको! डोळ्यावर पडळ आलं म्हणजे गावाकडे मोतीबिंदू. ‘पडदा सरकला’ डॉक्टरही म्हणतात.

खुंटकलम: ‘डोळे भरून पाहणे’ यातलं भरणं तेच का हो?

पंचवटी: नाही. तिथे डोळा भांडं, इथे डोळा माल.