गाडी दोघांनीही चालवून बघा

बायकोला उंच बसायला मिळणारी एसयूव्ही हवी आणि तुम्हाला मोठ्या डिकीची सेडान, एवढ्यावरून अडून बसू नका. रोज गाडी जास्त कोण चालवणार ते आधी ठरवा. माझ्या मते त्या माणसाच्या शब्दाला वजन जास्त.

टेस्ट ड्राइव्हला दोघंही जा आणि दोघांनीही चालवा. ज्याची उंची कमी, त्याने पेडलवर पाय नीट पोचेपर्यंत सीट पुढे घ्यावी आणि छाती व स्टिअरिंगमध्ये साधारण २५ सेंमी अंतर उरतं का ते बघावं. एअरबॅग तिथूनच उघडते, त्यामुळे हे अंतर खरंच महत्त्वाचं आहे. स्टिअरिंग फक्त वरखाली होतं की पुढेमागेही, तेही विचारा.

लहान मूल असेल तर चाइल्ड सीट सोबत न्या आणि आयसोफिक्सला, म्हणजे मागच्या सीटमधल्या चाइल्ड सीटसाठीच्या कड्यांना, अडकवून बघा. मागे तोंड असलेली सीट लावली की पुढच्याचे गुडघे कुठे टेकतात ते तेव्हाच कळतं. डिकीचे लिटर वाचून भुलू नका, बाबागाडी आत जाते का ते बघा.

सनरूफ, रंग यावर हवं तेवढं भांडा, पण ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) नसलेलं व्हेरियंट दोघांनी मिळून आधीच बाद करा. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ही यंत्रणाच तिला सावरते.