बेंथम-हूकर पदवीच्या वर्गातून काढायची का?

पर्णिका: मी पदवीला वनस्पतिशास्त्र शिकवते. बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी वर्गीकरण पद्धत इतिहासाच्या एका तासापुरती ठेवावी आणि कुळं एपीजीप्रमाणे, म्हणजे डीएनएवर आधारलेल्या आजच्या वर्गीकरणाप्रमाणे शिकवावीत, असं माझं मत. १८६२ ते १८८३ दरम्यान छापलेल्या या पद्धतीत अनावृतबीजी (बी फळात झाकलेलं नसणाऱ्या) वनस्पती चक्क द्विदल आणि एकदल यांच्या मधे बसवल्या आहेत. मोनोक्लॅमिडी हा पाकळ्या नसलेल्या फुलांचा गट तर अडगळीची खोली. हे आपण पाठ करून घेतो आणि उत्क्रांतीच्या तासाला नेमकं उलटं सांगतो! कमळ पूर्वी वॉटरलिलीच्या कुळात होतं. डीएनएनुसार त्याचे जवळचे नातेवाईक चिनारसारखे वृक्ष आहेत. वर्ग जागा करायला याहून भारी काय हवं?

खोडकिडा: भारी आहे, पण फुलात डीएनए दिसतो का? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, बीजांडकोश वर की खाली, हे भिंगातून कळतं. बेंथम-हूकर त्यावरच उभी आहे. एपीजी म्हणजे नुसता निकाल.

पर्णिका: ओळखायला ‘की’ (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता) वापरा ना. ती कृत्रिम असली तरी चालते. नातं सांगणारं वर्गीकरण वेगळं, ओळख पटवायचं साधन वेगळं. दोन्हींचा गोंधळ आपणच घालतो.

रानभूल: एपीजी तरी कुठे स्थिर आहे? कांदा १९९८ला अ‍ॅलिएसीत, २००९ला अमॅरिलिडेसी कुळात. मुलांनी वह्या खोडत बसायचं?

पर्णिका: खोडू देत की. शिवाय मोहरी, सूर्यफूल, गवत यांची कुळं दोन्हीकडे जवळपास तीच आहेत. मोडतोड झाली ती मुख्यतः लिलिएसीसारख्या कुळांत.

खोडकिडा: आणि जुने फ्लोरा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची माहिती देणारे ग्रंथ? कित्येक हर्बेरियमची (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहांची) कपाटं? तिथे सगळी मांडणी बेंथम-हूकरचीच. ती न शिकलेला विद्यार्थी सर्वेक्षणाला गेला की फ्लोरा उलटसुलट चाळत बसणार.

पर्णिका: हा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो. पण त्यासाठी बेंथम-हूकरच्या मालिका (सिरीज, म्हणजे कुळांचे मोठे गट) पाठ कशाला हव्यात? प्रॅक्टिकलला जुना फ्लोरा हातात द्या, फांदी द्या, म्हणा शोध. शोधलेल्या वनस्पतीचं आजचं कूळही लिहायला लावा.

रानभूल: हे पटलं. सिरीजची नावं ओळीने लिहिण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

खोडकिडा: पटायला काय जातंय! एका बॅचला एकच फ्लोरा, तोही बाइंडिंग सुटलेला. आणि बाहेरचे परीक्षक दुपारी निघायच्या घाईत. तुमची ही परीक्षा घेणार कोण?