कोकणात जांभ्याचे घर बांधायचे आहे : कौलारू छप्पर ठेवावे की स्लॅब टाकावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून जवळच असलेल्या आमच्या गावी जुने घर उतरवून त्याच जागी नवे घर बांधायचे आम्ही ठरवले आहे. जागा अकरा गुंठे आहे. वाटणीपत्र नोंदवून फेरफार झाला आहे, सातबारा आई आणि आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे आणि जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असल्यामुळे बिनशेतीचा प्रश्नही फारसा अडला नाही. त्यामुळे कागदपत्रांविषयी मला काही विचारायचे नाही. गाडे अडले आहे ते छपराशी, आणि छप्पर ठरल्याशिवाय पाया ठरत नाही. मृगाच्या आत जोते पूर्ण व्हायला हवे, म्हणजे निर्णय येत्या महिन्याभरात घ्यावा लागेल.

घर साधारण अकराशे चौरस फुटांचे, एकमजली असेल. त्यात वर्षभर राहणार ती एकटी आई. तिचे वय ७४ आहे. मी पुण्याला आणि भाऊ पनवेलला असतो, आम्ही गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात जातो. ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण घराची जी काही निगा राखावी लागेल तिचा भार शेवटी आईवर पडणार आहे, आणि कागदावर सुंदर दिसणारे पण दर पावसाळ्यात तिला बादल्या मांडायला लावणारे घर मला बांधायचे नाही.

आता छपराविषयी. आमच्या ठेकेदारांचे म्हणणे असे, की कॉलम-बीमचा सांगाडा उभारून वर सपाट स्लॅब टाकावा, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडाच्या, भराव्यात आणि स्लॅब गळू नये म्हणून त्यावर लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड करावी. गावातली गेल्या दहा-पंधरा वर्षांतली बहुतेक घरे अशीच आहेत आणि त्यांतली माणसे समाधानाने राहतात, हे मी नाकारत नाही. पण ज्या स्लॅबला पहिल्या दिवसापासून दुसऱ्या छपराची गरज लागते, त्यावर आम्ही एवढे सिमेंट आणि सळई का घालावी, हे मला अजून पटलेले नाही. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जाते. मंगलोरी कौले, रिपा (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि लोखंडी सांगाडा धरून तेच वजन साठ-सत्तर किलोंत बसते. संगमेश्वर तालुका कोयनेपासून लांब नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण आमच्या घरात आईच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली आहे. डोक्यावरचे ओझे जितके कमी तितके बरे, असा माझा कल आहे. मात्र भार पेलणाऱ्या चिऱ्याच्या भिंती करायच्या असतील तर जोत्यावर, लिंटेलच्या (दारे-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीवर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा लागतो, त्रिकोणी भिंतींच्या उतरत्या कडेवरही तो न्यावा लागतो, हे मला समजले आहे. ते आम्ही करणारच आहोत. प्रश्न कोपऱ्यांतल्या उभ्या सळईचा आहे. विटेच्या भिंतीत ती बसवणे सोपे असते, पण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच उंच चिऱ्याच्या भिंतीत आमचे गवंडी ती कशी बसवणार? कोपऱ्यावरचे चिरे खाचून मधल्या जागेत काँक्रीट भरले, असे कोणी प्रत्यक्ष करून घेतले आहे का? घेतले असल्यास सांधा नीट बसला का, तेही कृपया लिहावे.

जुन्या घराने मला एक गोष्ट शिकवली ती इथे सविस्तर लिहितो, कारण माझ्या विचाराचा पाया तीच आहे. त्या घराच्या भिंती खाली तीन थर चिऱ्याच्या आणि वर मातीच्या आहेत. पूर्वेकडचे पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, भिंतीच्या बाहेर साडेतीन फूट आलेले आहे. तिथली मातीची भिंत इतक्या वर्षांनंतरही हाताला कोरडी लागते, सारवणाच्या जुन्या रेघासुद्धा दिसतात. पश्चिमेकडे पडवी होती. ती काही वर्षांपूर्वी मोडली आणि पुन्हा बांधायच्या ऐवजी वळचण, म्हणजे छपराची बाहेर आलेली कड, भिंतीपासून जेमतेम एक फुटावर तोडून तिथे पन्हळ लावली गेली. त्यानंतर तीन पावसाळ्यांत ती भिंत खालून दोन फूट उंचीपर्यंत खाल्ल्यासारखी झाली आणि चौथ्या वर्षी आषाढात तिचा कोपरा ढासळला. माती तीच, बांधणारे हात तेच. फरक फक्त अडीच फूट वळचणीचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. त्या झडीला अडवायचे काम गिलावा किंवा रंग करू शकत नाही, ते छपरालाच करावे लागते.

म्हणून नव्या घराच्या आराखड्यात पश्चिमेला सलग पडवी आणि बाकी तिन्ही बाजूंना साडेतीन फुटांची वळचण धरली आहे. घराची रुंदी २६ फूट आहे. पाख्यांचा उतार ३० अंशांचा ठेवला तर आढे, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा, भिंतीच्या माथ्यापासून साडेसात फूट वर जाते आणि दहा फूट उंच भिंत धरली तर वळचणीची कड जमिनीपासून आठ फुटांवर येते, म्हणजे खिडकीवर आपोआप छत्री धरली जाते. ठेकेदारांना हा उतार २० अंशांवर आणायचा आहे. आढे पावणेपाच फुटांवर येईल, सांगाड्याचे लोखंड वाचेल, वाराही कमी लागेल, असे ते सांगतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडे छपरांचे काय केले ते सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे वाऱ्याचा मुद्दा मी हलका समजत नाही. पण २० अंशांच्या उतारावर मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून झडीचे पाणी उलटे चढते, असे आमच्या जुन्या सुतारकाकांचे ठाम मत आहे, आणि मला तेच पटते. उतार ३० अंश ठेवून आढ्याची, कोनांची आणि वळचणीकडची पहिली दोन ओळींची कौले जस्ताच्या मुलाम्याच्या तारेने रिपेला बांधून घेतली तर वादळाची काळजी पुरेशी घेतली जाते का? वादळाच्या पट्ट्यात ज्यांची कौलारू घरे टिकली, त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटेल.

कौलांविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला टाळता येत नाही. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही. पूर्वी वाडीतले दोघे-तिघे मे महिन्यात घरोघर फिरून कौले परतत असत. त्यांतला एक आता हयात नाही आणि दुसऱ्याला शिडी चढवत नाही. त्यात माकडे. फणसावरून उडी मारून टोळी आढ्यावर बसते, कौले सरकतात, फुटतात, आणि फुटलेले कौल पहिल्या पावसाशिवाय कळत नाही. गेल्या वर्षी आईने रात्री माजघरात पाण्याचा थेंब अंगावर पडला म्हणून दिवा लावून पाहिले, तर देवघराच्या कोनाड्यातली पोथी भिजली होती. तिने आम्हाला फोनवर ते सांगितलेसुद्धा नाही, गणपतीला गेलो तेव्हा पोथीची पाने सुटी करून सुपात वाळत घातलेली दिसली.

यावर तीन उपाय मला सुचवले गेले आहेत. पहिला, कौलांखाली पत्रा घालून त्यावर रिपा ठोकून कौले बसवणे. दुसरा, तिरप्या स्लॅबवर सिमेंटच्या मालात कौले चिकटवणे. तिसरा, कौलांखाली मातीच्याच सपाट छतकौलांचा थर देऊन मध्ये पाणी अडवणारे कापड अंथरणे. दुसऱ्या प्रकारची दोन घरे मी तालुक्यातच पाहिली. माल कौलांखाली पाणी धरून ठेवतो आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला ओलीचे डाग दिसतात, त्यामुळे तो प्रकार मी मनातून काढून टाकला आहे. पत्र्याच्या प्रकारात रिपेचे स्क्रू पत्र्यातूनच जातात, तेव्हा पाच-सहा वर्षांनी त्या भोकांशी गंज धरतो का, आणि पत्रा-कौलांमधल्या फटीत उंदीर व पाली घर करतात का, हे मला जाणून घ्यायचे आहे. तिसरा उपाय मला सर्वांत आवडला आहे, कारण खोलीतून वर पाहिले तर मातीचाच रंग दिसेल आणि मे महिन्यातली उष्णताही अडेल, परंतु तो करणारे कारागीर आमच्या भागात मला सापडलेले नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात कोणी असे काम करून घेतले असेल, तर पावसाळे किती झाले आणि दुरुस्ती कितीदा करावी लागली, एवढे तरी लिहावे.

जुन्या घराची कौले उतरवताना सुतारकाकांनी एक कौल उलटे करून मला दाखवले. त्यावर बासल मिशनचा ठसा आणि १८६५ हे आकडे होते. हे कौल घडवल्याचे वर्ष नसून मंगळुरातला कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे, पण तरी ते कौल पुष्कळ जुने आहे आणि बोटाने ठोकले की अजून भांड्यासारखे वाजते. अशी सुमारे नऊशे कौले शाबूत आहेत. ती पडवीवर वापरायची आमची इच्छा आहे. नव्या कौलांच्या मापाशी ती जुळत नाहीत, म्हणून पडवीचे पाखे मुख्य छपरापेक्षा एक फूट खाली स्वतंत्र घ्यावे, हा विचार बरोबर आहे का?

चिऱ्याविषयी थोडे. दोन वेगवेगळ्या खाणींतले दोन चिरे मी घरी आणले, आठवडाभर कडक उन्हात वाळवले, भाताच्या काट्यावर तोलले आणि चोवीस तास पाण्याच्या टाकीत बुडवून पुन्हा तोलले. पहिला २८ किलोंचा ३१ किलो झाला, दुसरा २७ किलोंचा साडेएकतीस. म्हणजे पहिल्याने सुमारे ११ टक्के पाणी प्यायले आणि दुसऱ्याने जवळजवळ १७ टक्के. जांभ्याच्या चिऱ्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे ३६२० क्रमांकाच्या, ही मर्यादा १२ टक्के आहे. माझी चाचणी घरगुती आहे हे मान्य, पण दोन्ही चिरे डोळ्यांना सारखेच दिसत होते आणि दुसऱ्या खाणीचा भाव कमी असल्यामुळे आम्ही तोच घेणार होतो. ताजा कापलेला चिरा हवेवर राहिला की घट्ट होतो, म्हणून पहिल्या खाणीचा माल आताच आणून पावसाआधी रचून ठेवायचा आहे. बाहेरून गिलावा न करता फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भराव्यात, असे मला वाटते. पश्चिमेच्या भिंतीला तेवढे पुरेल का?

पाया मात्र मला खरोखर चिंतेत टाकतो. जागेला पूर्वेकडून पश्चिमेकडे उतार आहे. चार कोपऱ्यांत खड्डे घेतले, तेव्हा वरच्या अंगाला दोन आणि अडीच फुटांवर कातळ लागला, खालच्या एका कोपऱ्यात चार फुटांवर. चौथ्या खड्ड्यात सहा फुटांवर कातळ लागला खरा, पण पहारीने तो दीड फुटातच फुटला आणि खाली पांढरट, तांबूस ठिपक्यांची मऊ माती निघाली, जी ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. ठेकेदार म्हणतात, भराव घालून वर पट्टा टाकू. घराचा एक कोपरा अशा मातीवर आणि तीन कातळावर ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्या कोपऱ्यापासून घर दहा फूट वर सरकवले तर हा प्रश्नच मिटतो, पण मग आईच्या तुळशीवृंदावनाची जागा जाते. मातीपरीक्षण करून घ्यायचे तर त्यासाठी कोणत्या प्रकारच्या तज्ज्ञाकडे जावे आणि नेमकी कोणती चाचणी मागावी, हे जाणकारांनी सांगावे.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब ठेवायचा नियम आम्ही पाळतो आहोत. जांभ्यातून पाणी भोकाभोकांतून वाहते, म्हणून विहिरीच्या खालच्या उताराला २५ मीटरांवर जागा धरली आहे.

दोन दिवसांनंतरची भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काहींनी विचारले की आईचे म्हणणे काय आहे. आईला पडवी हवी, माजघरातून देवघर दिसायला हवे, न्हाणी घराच्या आत आणि उंबऱ्याशिवाय हवी, आणि छप्पर कौलांचे हवे. स्लॅबखाली उन्हाळ्यात झोप लागत नाही, असे ती भावाच्या पनवेलच्या घराबद्दल म्हणते. तुळस हलवायला ती तयार झाली आहे. काल तिने स्वतःच नव्या आखणीत अंगणाच्या पूर्वेला काठी रोवून जागा दाखवली, त्यामुळे घर दहा फूट वर सरकवण्याचे आता नक्की झाले. राहिले छपराचे. छतकौले आणि कापडाचा थर बसवणाऱ्या कारागिरांची माहिती कोणाकडे असल्यास ती मला व्यक्तिगत निरोपात कळवावी. पायाची आखणी माघात करायची आहे.